ख्रिस्ती धर्माची पहिली तीनशे वर्षं, चार मीटर दोरीवर

डिसेंबर लागला की बडोद्यातल्या वाचनमंडळांना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना विषयांची टंचाई जाणवू लागते. दिवाळी अंक वाचून झालेले असतात, उत्तरायणाला अवकाश असतो. मग कोणीतरी सुचवतं, "नाताळ आलाय, तर ख्रिस्ती धर्म सुरू कसा झाला ते ठेवू या की." सुचवणारा मोकळा होतो आणि बोलणारा अडकतो. पुढचं सगळं त्या अडकलेल्या माणसासाठी.

विषय हसतखेळत सांगता येतो, पण विनोद बाहेरून आणावा लागत नाही. तो मूळ कागदांतच आहे. जेवणावरून भांडणारी मंडळी त्यांत आहेत, वरिष्ठांना पत्र लिहून जबाबदारी टाळणारा सुभेदार आहे, परत केलेली वर्गणी आहे. तारखा आणि मजकूर नीट सांगितला की लोक आपोआप हसतात. व्हॉट्सअॅपवरचे चुटके मध्ये घुसवले की ओशाळवाणं होतं. मर्यादा एकच पाळा: थट्टा माणसांची, पंचांगाची आणि सरकारी कामकाजाची. क्रूसावरचा मृत्यू आणि पुनरुत्थान यांवर कोटी नको. शिष्यांनी येशू पुन्हा उठला असं काही वर्षांतच ठामपणे सांगायला सुरुवात केली, हे इतिहास सांगू शकतो. तो उठला की नाही, हा निकाल वाचनमंडळाच्या अधिकारात येत नाही.

"आपल्याला काय करायचंय त्यांच्या धर्माशी?" असं विचारणारे एक-दोन भाऊ पहिल्याच रांगेत असतात. त्यांच्यासाठी बडोद्याचंच उत्तर तयार ठेवा. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले, त्यात सयाजीरावांचा हातभार होता. पुढे बडोदा कॉलेजात याच विषयाला प्राध्यापक नेमला, त्यांचं नाव आल्बन विजरी. महाराजांनी त्यासाठी दरबारचा पैसा खर्च केला, आपण सव्वा तास खर्च करतोय. एवढं पुरतं.

सामान

सुती दोरी, पाच मीटर. चार मीटर कामाला आणि दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर गाठीला. कपड्यांचे लाकडी चिमटे १४. जाड कागदाची कार्डं, ५ सेंमी रुंद आणि १२ सेंमी लांब. शिवणकामाची टेप. भूमध्य समुद्राचा इटलीपासून पूर्वेकडचा भाग दाखवणारा एक नकाशा, त्यावर जेरुसलेम, अंत्युखिया, करिंथ आणि रोम ही चार गावं ठळक. पन्नास गावं दाखवणारा नकाशा लावला की श्रोते व्याख्यान सोडून दमास्कस शोधत बसतात.

दोरी मंगळबाजारात कुठेही मिळेल. घरात फिरकी आहे म्हणून मांजा वापरण्याचा मोह टाळा. बोट कापतं आणि चिमटा घसरतो. नायलॉनही नको, चिमट्यांच्या भाराने ते ताणतं आणि सम्राट नीरोच्या काळातल्या रोमच्या आगीचं कार्ड आपल्या जागेवरून सरकतं. सुती दोरीसुद्धा मधे झोळ धरते, म्हणून दोन मीटरपाशी खिडकीच्या गजाला एक आधार द्या. कार्डं रुंद केली तर इ.स. ६४ आणि ७० एकमेकांवर चढतात. पाच सेंमीचं माप त्यासाठी आहे.

प्रमाण एक सेंटिमीटरला एक वर्ष. दोरीचा शून्य म्हणजे इ.स.पू. ६३, रोमन सेनापती पॉम्पीने जेरुसलेम घेतलं ते साल. इसवी सनापूर्वीचं साल ६३ मधून वजा करायचं, इसवी सनातल्या सालात ६२ मिळवायचे. ६३ नाही, ६२, कारण इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मधे शून्य साल नाही. इथे हमखास चूक होते आणि गणिताचे निवृत्त शिक्षक ती हमखास पकडतात.

चिमटे असे पडतील: ० सेंमीवर पॉम्पी, २६ वर यहुदियाचा (जेरुसलेमभोवतीच्या प्रदेशाचा) राजा हेरोद जेरुसलेमचा ताबा घेतो (इ.स.पू. ३७), ५९ वर हेरोदाचा मृत्यू (इ.स.पू. ४), ६८ वर रोमन सुभेदार क्विरिनियसची शिरगणती (इ.स. ६), ९२ वर येशूचा क्रूसावर मृत्यू (इ.स. ३० च्या सुमारास), ११२ वर ख्रिस्ती प्रचारक पौलाचं पहिलं पत्र (सुमारे ५०), १२६ वर रोमची आग (६४), १३२ वर जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस (७०), १७४ वर प्लिनीचं पत्र (सुमारे ११२), २०६ वर मार्शियन (१४४), ३१२ वर सम्राट डेशियसचे दाखले (२५०), ३६५ वर सम्राट डायोक्लिशनने केलेला ख्रिस्ती लोकांचा छळ (३०३), ३७५ वर मिलानचा समझोता (३१३) आणि ३८७ वर निकीयाची धर्माध्यक्षांची परिषद (३२५). उरलेले तेरा सेंमी तसेच राहू द्या.

कार्डं आधी लावून ठेवू नका. बोलता-बोलता एकेक लावा. आधी लावली की लोक वाचून मोकळे होतात आणि तुम्ही दोन कार्डं मागे राहता.

दोरीवरची पंचवीस मिनिटं

सुरुवात पॉम्पीपासून करा, बेथलेहेमपासून नको. जेरुसलेम जिंकल्यावर हा सेनापती मंदिराच्या अगदी आतल्या गाभाऱ्यात शिरला. तिथे वर्षातून एकदा फक्त मुख्य पुरोहित जायचा. आत मूर्ती नव्हतीच. रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवून ठेवलंय, गाभारा रिकामा होता. रोमन माणसाला हे शेवटपर्यंत उमगलं नाही, आणि पुढे ख्रिस्ती लोकांना रोमन जनता 'नास्तिक' म्हणायची ती याच न उमगण्यातून. ज्यांच्याकडे मूर्ती नाही, नैवेद्याला बळी नाही, ते कसले आस्तिक! हे वाक्य इथेच पेरून ठेवा, डेशियसपाशी उगवतं.

मग ५९ आणि ६८ चे चिमटे लावा आणि श्रोत्यांनाच विचारा, येशूचा जन्म कुठे लावू? सगळे म्हणतील, इ.स. १, म्हणजे ६३ वर. शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, लिहिणारा मत्तय सांगतो, जन्म हेरोदाच्या हयातीत झाला. हेरोद तर ५९ वर संपलाय. म्हणजे ख्रिस्त जन्मला ख्रिस्तपूर्व चार किंवा त्याआधी. इथे हशा येतो, येऊ द्या. चूक येशूची नाही, सहाव्या शतकातल्या डायोनिशियस एक्सिग्युअस या मठवाल्याची आहे. इसवी सन मोजायची पद्धत त्याची, आणि हिशेबात काही वर्षं इकडची तिकडे झाली. दुसरा शुभवर्तमानकार लूक मात्र क्विरिनियसच्या शिरगणतीचा उल्लेख करतो, ती पडते ६८ वर. दोन चिमट्यांमध्ये नऊ सेंमी. टेप लावून दाखवा आणि पुढे सरका. ही नऊ वर्षं बुजवायच्या खटपटी खूप झाल्या आहेत, त्यांत शिरलात तर निकीयापर्यंत पोचायला होळी येईल.

९२ चं कार्ड लावताना स्वर उतरवा. इथे एकच गोष्ट स्पष्ट सांगायची: क्रूसावर देण्याची शिक्षा रोमन होती, हुकूम रोमन अधिकाऱ्याचा होता. तो अधिकारी पिलात, इ.स. २६ ते ३६ या काळात यहुदियाचा प्रीफेक्ट, म्हणजे रोमन कारभारी होता आणि १९६१ साली कैसरिया इथे त्याच्या नावाचा शिलालेख सापडला. 'ज्यू लोकांनी मारलं' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. त्या वाक्याने पुढे शतकानुशतकं माणसं मेली आहेत. आणि येशू, त्याची आई, त्याचा प्रमुख शिष्य पेत्र, पौल, सगळे ज्यूच होते, हे बऱ्याच श्रोत्यांना पहिल्यांदाच कळतं.

११२ वर मोठा धक्का आहे. बायबलच्या नव्या करारात आधी चार शुभवर्तमानं छापलेली असतात, नंतर पौलाची पत्रं. लिहिली गेली उलट क्रमाने. पौलाची पत्रं पन्नाशीतली, मार्कचं शुभवर्तमान सत्तरच्या आसपास, मत्तय आणि लूक त्यानंतर, योहान शतकाच्या अखेरीला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पत्रांचा छापील क्रमही तारखेचा नाही, साधारण लांबीचा आहे. रोमकरांस लिहिलेलं सगळ्यात लांब म्हणून पहिलं, फिलेमोनला लिहिलेली चिठ्ठी शेवटी. एकूण तेरा पत्रांवर पौलाचं नाव आहे, त्यातली सात निर्विवाद त्याची धरतात.

पन्नाशी हे कशावरून ठरलं? हा प्रश्न कोणी विचारला नाही तरी उत्तर द्या, कारण सगळी दोरी त्या खिळ्यावर टांगलेली आहे. करिंथमध्ये पौलाला गल्लियो नावाच्या प्रांताधिकाऱ्यापुढे उभं केलं. गल्लियो म्हणाला, शब्दांचे आणि नावांचे वाद तुमच्या नियमशास्त्रातले, तुमचं तुम्ही पाहा. आणि सगळ्यांना न्यायासनापुढून हाकलून दिलं. प्रकरण आपल्या टेबलावर येऊच द्यायचं नाही, ही कला दोन हजार वर्षं जुनी आहे. या गल्लियोचं नाव असलेला शिलालेख डेल्फीला सापडला आणि त्यावरून त्याची नेमणूक इ.स. ५१-५२ च्या सुमारास बसते. अख्ख्या कालक्रमाला सगळ्यात पक्का आधार दिला, तो प्रकरण ऐकूनच न घेणाऱ्या अधिकाऱ्याने.

पंगत

आता दोरी सोडा. पुढची वीस मिनिटं एकाच प्रश्नावर द्या: कोण कोणाबरोबर जेवणार? बडोद्याच्या श्रोत्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. कांदा-लसूण न खाणारे शेजारी, मटण फक्त बाहेर खाणारे काका आणि कोणाच्या घरचं पाणी चालतं याचा जुना हिशेब ठेवणाऱ्या आजी, सगळे समोरच बसलेले असतात.

गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचून दाखवा, फार तर पाच ओव्यांएवढा मजकूर आहे. अंत्युखियात पेत्र ज्यू नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. जेरुसलेमहून येशूचा भाऊ याकोब याच्याकडची माणसं आली आणि पेत्र हळूच त्या पंगतीतून उठला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. पौल हे स्वतःच लिहितो, अजिबात संकोच न करता. पेत्राची बाजू आपल्याला मिळत नाही, हेही सांगा. भांडणाचं इतिवृत्त एकाच पक्षाने लिहिलं की काय होतं, हे मंडळाच्या सचिवांना ठाऊक असतं.

भांडण मुळात क्षुल्लक नव्हतं. बाहेरच्या माणसाने येशूला मानलं तर त्याने आधी सुंता करून, खाण्याचे नियम पाळून ज्यू व्हायचं की नाही? पौल म्हणाला, नाही. हा चेंडू पौलाच्या बाजूने पडला म्हणून पंथ ज्यू वस्तीबाहेर वेगाने गेला. याच पत्राच्या पाचव्या अध्यायात सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांबद्दल पौलाने एक अत्यंत अचकट टोला मारलाय. शाळेची मुलं समोर असतील तर पाचवा अध्याय नुसता सुचवा, घरी जाऊन सगळे वाचतातच.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातून दोनच उतारे घ्या. अकरावा अध्याय: एकत्र भोजनाला लोक येतात, पण ज्याचं ताट आधी भरलं तो आधी जेवतो, एक उपाशी राहतो आणि दुसरा प्यायलेला. पौल विचारतो, तुम्हाला खायला-प्यायला घरं नाहीत का? दुसरा उतारा पहिल्या अध्यायातला. पौल छातीठोकपणे लिहितो की क्रिस्प आणि गायस सोडून तुमच्यातल्या कोणाचाही मी बाप्तिस्मा केला नाही. लगेच पुढे, हो, स्तेफनसाच्या घरच्यांचाही केला. आणि त्यापुढे, याखेरीज कोणाचा केला असेल तर आठवत नाही. पत्र सांगून लिहून घेतलं जात होतं, खोडायची सोय नव्हती, म्हणून हे पवित्र शास्त्रात जसंच्या तसं राहिलं. हा उतारा आवाजात वाचा. समजावून सांगू नका, मजा जाते.

जेवणाचाच विषय चालू आहे तोवर 'डिडाखे' उरकून घ्या. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या आसपासची ही छोटी नियमावली, ख्रिस्ती मंडळी (गावोगावचे ख्रिस्ती संघ) चालवायची कशी याची. तिची हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलला सापडली. नियम असा: फिरता प्रेषित आला तर एक दिवस ठेवा, गरज असेल तर दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना भाकरीपेक्षा जास्त काही मागेल, पैसे मागेल, तर तोही खोटा. आणि उपवास? ढोंगी लोक सोमवार-गुरुवारी करतात, तुम्ही बुधवार-शुक्रवारी करा. धर्म वेगळा झाल्याची खूण तत्त्वज्ञानाआधी उपवासाच्या वारात दिसते. संकष्टी धरणाऱ्या श्रोत्यांकडे बघून थोडं थांबा.

सरकारी कागद

सगळ्यात जास्त हशा या भागात आहे. तो चांगला व्हावा म्हणून मंडळातल्या एखाद्या निवृत्त सरकारी नोकराला वाचायला उभं करा आणि प्लिनीचं पत्र अस्सल कचेरीच्या मराठीत, 'मार्गदर्शन व्हावे ही विनंती' अशा सुरात वाचायला सांगा. मजकूर मात्र प्लिनीचाच ठेवा.

प्लिनी म्हणजे बिथिनिया-पोंटसचा (आजच्या तुर्कस्तानाच्या उत्तर भागाचा) सुभेदार, सम्राट ट्रेजनला लिहितोय. ख्रिस्ती लोकांच्या चौकशीत मी कधी हजर नव्हतो, तेव्हा शिक्षा कशाची आणि किती करायची ते माहीत नाही. नुसतं नाव हा गुन्हा, की नावाबरोबर येणारी कृत्यं? तोवर मी असं केलं: तीनदा विचारलं, तीनदा 'हो' म्हणाला त्याला शिक्षेला पाठवलं. काही म्हणाले, होतो, पण सोडून वीस वर्षं झाली. त्यांनी सांगितलं की ठरल्या दिवशी पहाटे जमायचं, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणायचं, चोरी-लबाडी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घ्यायची आणि नंतर साधं जेवण. मग प्लिनीने दोन दासींना यातना देऊन विचारलं. मंडळी त्यांना सेविका म्हणत. त्यांच्याकडून त्याला 'अतिरेकी अंधश्रद्धे'पलीकडे काही मिळालं नाही. या दोन बायकांपाशी वाचणाऱ्याला सूर बदलायला सांगा; इथे कोणी हसलं तर मांडणी चुकली असं समजा.

पत्राच्या शेवटी प्लिनी खुशीत सांगतो, ओस पडलेली देवळं पुन्हा गजबजली आणि बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळू लागलं. म्हणजे तक्रारीच्या मुळाशी बाजारही होता. ट्रेजनचं उत्तर चार ओळींचं: शोधत फिरू नका, सिद्ध झालं तर शिक्षा करा, देवांना नमस्कार केला तर सोडा, निनावी अर्ज अजिबात घेऊ नका. शोधू नका पण सापडले तर शिक्षा, यातली विसंगती पुढे ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने भरपूर कुटली. याच सम्राटाने याच प्लिनीला निकोमिडिया शहरात दीडशे माणसांचं अग्निशमन दल काढायची परवानगी नाकारली होती, कारण लोक कोणत्याही निमित्ताने एकत्र आले की त्याचं राजकीय मंडळ होतं. हे सांगितल्याशिवाय रोमन सरकारला पहाटेच्या प्रार्थनेची भीती का वाटली ते कळत नाही.

दुसरा कागद दाखल्याचा. इ.स. २५० मध्ये डेशियसने फर्मान काढलं, साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बळी द्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडलेत. मसुदा ठरलेला: मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमक्ष दिला, प्रसाद चाखला, तरी खाली सही करावी. काहींनी बळी न देताच ओळखीने किंवा पैसे देऊन दाखला मिळवला. छळ थांबल्यावर मंडळींपुढे प्रश्न: खोटा दाखला घेणाऱ्याला परत आत घ्यायचं का, आणि तुरुंगात जाऊन आलेल्याने माफीची चिठ्ठी दिली तर ती चालेल का? कार्थेजचा धर्माध्यक्ष सिप्रियन याची पत्रं या घोळाने भरलेली आहेत. तो स्वतः छळाच्या काळात लपून होता, त्यामुळे त्याच्या कडकपणाला लोकांनी काय उत्तर दिलं असेल याची कल्पना करायला श्रोत्यांना सोडा. वेळ असेल तर चार-पाच जणांना कोरे दाखले वाटा आणि भरायला लावा. तीन मिनिटांत कोणीतरी विचारतंच, "सही कोणाची लागेल?"

मार्शियन या दोन कागदांच्या मधला, २०६ वर. सिनोपचा जहाजमालक, रोमला आला आणि तिथल्या मंडळीला दोन लाख सेस्टर्स (रोमन नाणी) देणगी दिली. नंतर शिकवू लागला की जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. १४४ साली त्याला काढून टाकलं आणि देणगी परत केली. टर्टुलियन रकमेसकट सांगतो. मतभेदावरून वर्गणी परत केल्याचं दुसरं उदाहरण बडोद्यात कोणाला माहीत असेल तर हात वर करायला सांगा. मार्शियनने स्वतःची पवित्र ग्रंथांची यादी केली, कापलेला लूक आणि पौलाची दहा पत्रं. आपली यादी कोणती हा प्रश्न इतरांना मग टाळता येईना.

रिकामा मीटर

२०६ आणि ३१२ यांच्यामध्ये दोरी रिकामी दिसते. एक मीटरहून जास्त. लोकांना वाटतं काही घडलंच नाही. खरी वाढ इथे झाली, ती कोणत्या एका तारखेला झाली नाही एवढंच.

इथे कॅल्क्युलेटर काढा. रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञाने मांडलेला अंदाज वापरा: इ.स. ४० मध्ये हजार माणसं धरा आणि दर दहा वर्षांनी ४० टक्के वाढ. इ.स. १०० ला साडेसात हजार, २०० ला दोन लाख अठरा हजार, ३०० ला सुमारे ६३ लाख. साम्राज्य सहा कोटींचं धरलं तर दहा टक्क्यांच्या आसपास. वर्षाला वाढ पडते ३.४२ टक्के, बँकेच्या मुदत ठेवीहूनही कमी. चमत्कार मानणारे आणि तलवारीच्या जोरावर म्हणणारे, दोघेही या आकड्यापाशी जरा गप्प होतात. सावधगिरी एकच. दहा वर्षांना चाळीस म्हणून वर्षाला चार टक्के धरू नका. चक्रवाढीने इ.स. ३०० चा आकडा २ कोटी ६८ लाखांवर जातो आणि जवळजवळ निम्मं साम्राज्य सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आधीच ख्रिस्ती होऊन बसतं.

हे लोक जमायचे कुठे, ते दाखवायला हॉलच्या फरशीवर खडूने १३ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद चौकोन आखा. युफ्रेटिसकाठच्या ड्युरा-युरोपस गावात एका घराची दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेली सभेची जागा साधारण एवढी होती. शेजारच्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड. त्याच गावात सिनॅगॉग (ज्यू प्रार्थनागृह) आणि मिथ्र देवाचं मंदिरही होतं. इ.स. २५६ च्या सुमारास इराणच्या सासानी फौजांनी गाव घेतलं आणि तटबंदीसाठी टाकलेल्या मातीखाली हे सगळं टिकलं. हॉल लहान असेल तर फक्त पाच मीटरची बाजू आखा.

कॉन्स्टंटाइनला दहा मिनिटंच

शेवटच्या तीन चिमट्यांवर वक्ते रेंगाळतात, कारण लढाया आणि स्वप्नं आहेत. तुम्ही रेंगाळू नका. ३०३ ला डायोक्लिशनने ग्रंथ जाळायला आणि सभागृहं पाडायला सांगितलं. ३११ ला सम्राट गॅलेरियसने छळ थांबवला आणि ख्रिस्ती लोकांनी माझ्यासाठी प्रार्थना करावी असं फर्मानातच लिहिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो वारला. ३१३ ला कॉन्स्टंटाइन आणि त्याचा सहसम्राट लिसिनियस यांनी सगळ्याच धर्मांना मोकळीक दिली. राजधर्म त्यावेळी झाला नाही; ते सम्राट थिओडोशियसच्या काळात, ३८० साली. कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा मृत्यूशय्येवर, ३३७ साली.

आणि थांबा. प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय: त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. ग्रंथ सांगतो, तो वाचला. मग पौल वर जाऊन पहाटेपर्यंत बोलला. आपल्याला तो अधिकार नाही. पंचाहत्तर मिनिटं बोला, वीस मिनिटं प्रश्न घ्या. सेव-उसळ कार्यक्रमानंतर ठेवा, आधी ठेवलीत तर युतुख पहिल्या रांगेत निघतो.

प्रश्न

पाच प्रश्न ठरलेले असतात. फतेगंजातले ख्रिस्ती स्नेही आले असतील तर प्रश्न त्यांच्याकडे ढकलू नका. ते ऐकायला आलेत, साक्ष द्यायला नाही.

'येशू खरंच होऊन गेला का?' हो, इतिहासकारांत यावर जवळजवळ एकमत आहे. सगळ्यात सोपा पुरावा पौलाचा: तो जेरुसलेमला येशूचा भाऊ याकोब याला भेटला होता. याच याकोबाच्या वधाची नोंद ज्यू इतिहासकार जोसेफसने केली. टॅसिटस पिलातचं नाव घेऊन मृत्युदंड सांगतो. जोसेफसचा दुसरा, लांब उतारा पुढे ख्रिस्ती नकलकारांनी सजवलाय, तो वापरू नका.

'बायबलमध्ये काय ठेवायचं हे निकीयात मतदानाने ठरलं ना?' नाही. तिथे वाद एरियस या धर्मगुरूच्या मताचा होता, पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा की निर्माण केलेला, आणि ईस्टरच्या तारखेचा. नियम केले वीस. आजच्या २७ पुस्तकांची पहिली जुळणारी यादी धर्माध्यक्ष अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात आहे. संत निकोलसने, म्हणजे सांताक्लॉजच्या मूळ पुरुषाने, भर सभेत एरियसच्या थोबाडीत मारली ही कथाही येईलच. ती शेकडो वर्षांनंतरची आहे. सांगा, पण तारीख सांगून.

'२५ डिसेंबर?' रोममधली नोंद चौथ्या शतकातली. पहिल्या तीनशे वर्षांतल्या मंडळींचा मोठा सण ईस्टर.

'संत थॉमस भारतात आला का?' केरळच्या परंपरेत साल ५२. लिखित कथा तिसऱ्या शतकातली, सिरियाकडची, आणि तीत गोंडोफर्निस राजा येतो. हा राजा काल्पनिक नव्हता, त्याची नाणी सापडली आहेत. पण राजा खरा म्हणजे कथेतला प्रत्येक प्रसंग खरा असं होत नाही.

आणि 'येशू काश्मीरला आला होता ना?' हा प्रश्न विचारणारे काका उभे राहून विचारतात, आणि प्रश्न नसून तीन मिनिटांचं भाषण असतं. अडवू नका. मग शांतपणे सांगा: निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने १८९४ साली जाहीर केलं की लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतवासाचं हस्तलिखित त्याला दाखवलं. आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस १८९५ साली हेमिसला गेले आणि मठाच्या प्रमुखांना विचारलं. प्रमुख म्हणाले, असं पुस्तक इथे नाही आणि असा प्रवासी मी पाहिलेला नाही. श्रीनगरच्या रोझाबलची, येशूची म्हणवल्या जाणाऱ्या कबरीची गोष्ट वेगळी, ती १८९९ च्या सुमारास अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडली. काका म्हणतील, "पण यूट्यूबवर आहे." तेव्हा पुढचा हात निवडायचा.